नळाला पाणी बारीक येतंय? पंप घेण्याआधी उंची मोजा

पाऊणइंची

'वरच्या मजल्यावर शॉवरला पाणीच येत नाही, कुठला प्रेशर पंप घेऊ?' हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि खाली लगेच पंपांच्या नावांची रांग लागते. पंप लागेलही कदाचित. पण निम्म्या घरांत दोष पाईपात असतो, आणि तिथे पंप लावला की गळती सुरू होते. म्हणून हा धागा. गृहीत धरलंय ते असं: तीन-चार मजली इमारत, गच्चीवर टाकी, तिथून उताराने घरात येणारं पाणी.

आधी उंचीचा हिशेब. साधारण ३३ फूट उंचीचं पाणी म्हणजे १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो). सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब घरातल्या फरशीपासून १० फुटांवर, टाकीचा चौथरा २ फूट, म्हणजे टाकीचं आउटलेट घरातल्या फरशीपासून १२ फूट वर. शॉवर ७ फुटांवर. उरले ५ फूट. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आणखी ३ फूट धरा. थोडक्यात, शॉवरला ५ ते ८ फूट, म्हणजे ०.१५ ते ०.२४ किलो. त्याच घरात ३ फुटांवरच्या बेसिनच्या नळाला ९ ते १२ फूट मिळतात, म्हणून बेसिनला धार बरी आणि शॉवर रडतो. यात बिघाड काही नाही, भूमिती आहे. मोठ्या थाळीएवढ्या रेन शॉवरला निदान अर्धा ते एक किलो लागतं. तो वरच्या मजल्यावर टाकीच्या पाण्यावर चालणारच नाही, कितीही महागाचा आणा.

ही उंची तुमच्या नळापर्यंत पोहोचते का, ते बघायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, २० फूट. एक टोक नळाला क्लिपने आवळा, दुसरं खिडकीतून किंवा डक्टमधून वर गच्चीवर न्या आणि नळ पूर्ण उघडा. ट्यूबमधलं पाणी टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबलं पाहिजे. ही तपासणी दुपारी तीनच्या सुमारास करा, खालच्या घरांत पाण्याचा वापर सुरू असेल तर पातळी खोटी दिसते. प्रेशर गेजवर वरच्या मजल्याचं काही कळत नाही, कारण ४ किलोच्या गेजवर ०.२ किलो म्हणजे काटा जागचा हललाय की नाही एवढंच.

आता ट्यूब तशीच ठेवून त्याच बाथरूममधला दुसरा नळ पूर्ण सोडा. पातळी एखाद-दीड फूट उतरली तर पाईप ठीक आहे, तुमची अडचण उंचीची. पाणी सरसर खाली जाऊन ट्यूब रिकामी व्हायला लागली तर टाकी आणि नळाच्या मध्ये कुठेतरी वाट अडलीय. पुढचा सगळा शोध या एका निरीक्षणावर ठरतो.

---

फिटरभाऊ

ट्यूबची युक्ती झकास. पण ती लावण्याआधी एक बघा, की त्रास किती नळांना आहे. एकाच नळाला असेल तर गच्चीवर चढायचं कारणच नाही.

बेसिनच्या नळाच्या तोंडाशी एरेटरची जाळी असते, ती फिरवून काढा. बाहेरून पान्हा लावायचा तर मध्ये फडकं ठेवा, नाहीतर क्रोम सोलतं. जाळी काढून नळ सोडला आणि धार नीट आली, तर काम संपलं. जाळी रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. बोअरचं पाणी असेल तर क्षार दगडासारखे बसतात. त्याला लिंबूफूल जास्त चांगलं, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. संडास साफ करायचं अ‍ॅसिड नळाला लावू नका, मुलामा जातो आणि आतलं पितळ खातं.

जाळी स्वच्छ आणि तरी धार बारीक, तर बेसिनखालचा अँगल कॉक आणि वर जाणारा जाळीदार कनेक्शन पाईप. या पाईपचं भोक आधीच जेमतेम ८ मिलीमीटर. त्याच्या टोकाचा रबरी वॉशर जास्त आवळला की फुगून भोकावर येतो, नवीन नळ बसवल्या दिवसापासून पाणी बारीक असतं आणि सगळे नळाला दोष देतात. कॉक बंद करून पाईप खालून सोडवा, तोंड बादलीत धरा, कॉक सोडा. इथे धार जोरात आली तर दोष वॉशरचा, पाईपचा किंवा नळाच्या कार्ट्रिजचा. इथेही बारीक असेल तर दोष भिंतीत.

भिंतीतल्या कन्सील्ड स्टॉप कॉककडे कोणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक बाथरूमला एक असतो, फिरवायच्या मुठीवर टोपी असते. रंगकामाच्या वेळी कोणीतरी अर्धा बंद करून जातं आणि वर्षभर सगळे पाण्याला शिव्या देतात.

---

रेवा

आमच्याकडे थंड पाणी ठीक, गरम मात्र करंगळीएवढं. सोलर आहे, गच्चीवर. प्लंबर म्हणतो सोलरच्या नळ्या बदला. दोन्ही बाथरूममध्ये सारखंच आहे.

---

पाऊणइंची

रेवाताई, नळ्यांचा संबंध पाणी तापण्याशी आहे, धारेशी नाही. गच्चीवर जाऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, थंड पाण्याच्या टाकीतून सोलरच्या टाकीला जाणारी लाईन. सोलरमधलं गरम पाणी स्वतःहून उतरत नाही, मागून येणारं थंड पाणी त्याला पुढे ढकलतं. ही मागची लाईन अर्धा इंची असेल किंवा तिच्यावरचा व्हॉल्व्ह क्षारांनी भरला असेल, तर गरम पाणी तेवढंच येणार. ती एक इंची हवी. दुसरी, थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या डोक्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. सोलर नंतर बसवलेल्या इमारतींत हे हटकून चुकलेलं असतं, मग टाकी निम्मी झाली की गरम पाणी बंद. तिसरी, सोलरच्या टाकीवरचा उभा व्हेंट पाईप. त्याचं तोंड थंड टाकीच्या सर्वोच्च पातळीच्या वर आणि उघडं पाहिजे. थेंब पडतात म्हणून कोणी बूच मारलं असेल तर ते काढा. बूच असेल तर टाकीवर नको तो दाब येतो आणि आत हवा अडकते.

तुमच्याकडे थंडाच्या लाईनवर पंप आहे का? ते विचारायचं राहिलं.

---

रेवा

हो, आहे! मागच्या मालकांनी बसवलेला, फक्त थंडाच्या लाईनवर. आणि सोलरच्या व्हेंटमधून कधीकधी पाणी सांडतं, हा प्रकार काय आहे ते कळलंच नव्हतं.

---

पाऊणइंची

मग सापडलं. मिक्सरमध्ये (थंड-गरम मिसळणाऱ्या नळात) दोन्ही बाजू उघड्या असतील आणि पुढचं तोंड बंद असेल (हँड शॉवरचा खटका बंद ठेवून मिक्सर चालू, असं नेहमी होतं), तर पंपाचं थंड पाणी गरमाच्या लाईनमध्ये उलटं शिरतं, वर चढतं आणि सोलरच्या व्हेंटमधून गच्चीवर सांडतं. तोंड उघडं असतानाही थंडाचा जोर गरमाला दाबून ठेवतो. पंप चालू असताना गरम बारीक आणि बंद केल्यावर मोठं, असं होत असेल तर खात्रीच.

गरमाच्या लाईनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावून उलटं जाणं थांबेल. पण स्प्रिंगचा नको. तो उघडायलाच एक-दीड फूट पाणी खातो आणि तुमच्याकडे एकूण असतात पाच-सात फूट. पाकळीचा घ्या, आडव्या पाईपवर, बाण प्रवाहाच्या दिशेने. तरी थंड-गरमाचा जोर सारखा होणार नाही. खरा उपाय म्हणजे पंप काढणे, किंवा सोलर दाब सहन करणाऱ्या टाकीचा असेल तरच दोन्ही लाईनला मिळून एक पंप. साध्या, व्हेंटवाल्या सोलर टाकीच्या आधी पंप लावायचा नाही. टाकी फुगून फुटते.

---

मोजपट्टी

पाईपच्या मापाबद्दल आकडे देतो, कारण 'अर्धा इंची काय, पाऊण इंची काय, पाणी तेवढंच' असं म्हणणारे बरेच आहेत.

अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिक पाईप), एसडीआर ११ (बाहेरचा व्यास जाडीच्या ११ पट), आतला व्यास साधारण १२.४ मिमी. पाऊण इंची, १८.१ मिमी. शॉवरला मिनिटाला ८ लिटर पाणी हवं असं धरा. अर्धा इंची पाईपमधून १० मीटर जाताना घर्षणात सुमारे १.३ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट उंची खर्च होते. पाऊण इंचीत तेवढ्याच अंतराला २० सेंटिमीटर, आठ इंचही नाही. वर हिशेब दिलाय की शॉवरला एकूण ५ ते ८ फूट मिळतात. त्यातले चार फूट पाईपनेच खाल्ले तर उरलं काय? शिवाय प्रत्येक एल्बो (काटकोनी जोड) म्हणजे आणखी अर्धा मीटर पाईप. बाथरूमच्या भिंतीत कोपरे काढत आठ एल्बो मारले की ४ मीटर पाईप फुकट वाढला.

म्हणून वरच्या मजल्याला: टाकीपासून सव्वा इंची, घरात शिरताना एक इंची, बाथरूमपर्यंत पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या हात-दोन हातांत. खालच्या मजल्यांना उंची भरपूर, तिथे अर्धा इंची खपून जातं. बिल्डर सगळीकडे एकच माप टाकतो.

---

फिटरभाऊ

+१. आणि सॉल्व्हंटचं, म्हणजे पाईप चिकटवायच्या द्रवाचं, लिहा. सीपीव्हीसी जोडताना सॉल्व्हंट पाईपला बाहेरून भरपूर आणि फिटिंगच्या आत अगदी पातळ. नवशिके उलटं करतात, मग जादा सॉल्व्हंट आत ढकललं जाऊन कडं तयार होतं. १२ मिमीच्या भोकात २ मिमीचं कडं म्हणजे वाट निम्म्याहून कमी. वर्षभरापूर्वी केलेल्या नव्याकोऱ्या बाथरूममध्ये पाणी बारीक असेल तर मला आधी हाच संशय येतो. कापलेल्या पाईपच्या आतल्या कडेला राहिलेले कंगोरेही काढले पाहिजेत.

जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) लाईनची गोष्ट वेगळी. १९८०-९० च्या इमारतींत अर्धा इंची जीआय आतून गंजाने भरत जातो, तुकडा कापला तर मध्ये पेन्सिल जाईल एवढंच भोक दिसतं. सोसायट्या खर्च करून बाहेरचा उभा पाईप बदलतात आणि भिंतीतला तसाच ठेवतात, मग 'एवढा खर्च करून फरक शून्य' ही ओरड. आणखी एक, फरशी फोडताना हातोड्याचे दणके बसले की जीआयमधली खपली सुटते आणि दोन दिवसांत सगळे नळ तुंबतात. अशा वेळी सगळ्या जाळ्या काढून प्रत्येक नळ पाच मिनिटं पूर्ण सोडून लाईन धुवा, मग जाळ्या लावा. भिंतीतला गंजलेला जीआय अ‍ॅसिड फिरवून साफ करून देतो म्हणणारे भेटतील. करू नका. गंज गेला की त्यानेच बुजलेली छिद्रं उघडी पडतात.

---

सोसायटी_सेक्रेटरी

टाकी धुतल्यापासून चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांना पाणी बंद, बाकी सगळ्यांना सुरळीत. टाकी भरलेली आहे, व्हॉल्व्ह उघडा आहे. नळ सोडला की फुसफुस आवाज येतो.

---

मोजपट्टी

हवा अडकलीय. टाकी पूर्ण रिकामी झाली की उभ्या पाईपात हवा शिरते. गच्चीवर लाईन आडवी फिरते तिथे कठड्यावरून किंवा दुसऱ्या पाईपवरून नेताना मध्ये उंचवटा असेल, तर हवा त्या उंचवट्यात बसते. खालच्या मजल्यांना जोर पुरतो, वरच्यांना तीन-चार फूट पाण्याने हवा ढकलली जात नाही.

आधी टाकी काठोकाठ भरा. मग त्या दोन घरांतला सगळ्यात खालचा नळ, बहुधा वॉशिंग मशीनचा किंवा हेल्थ फॉसेटचा, पूर्ण सोडा आणि बाकीचे बंद ठेवा. दहा मिनिटांत नाही सुटलं तर गच्चीवर मोटरच्या चढत्या लाईनला नळ असेल बघा. टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या पुढचा युनियन (फिरवून सुटा होणारा जोड) सोडवा, चढत्या लाईनच्या नळाला होज पाईप लावून मोटरच्या जोराने पाणी खाली सोडा. हवा सुटते. आणि हे करण्याआधी गेट व्हॉल्व्ह खरंच उघडा आहे का ते बघा. जुन्या व्हॉल्व्हचं चाक फिरतं, पण आत दांडा पाकळीपासून तुटलेला असतो. धुताना बंद केलेला असा व्हॉल्व्ह परत उघडतच नाही. तिथे एक इंची फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह टाका.

---

गच्चीवरून

आउटलेट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे टी टाकून व्हेंट उभा करा, टाकीच्या झाकणाच्या वरपर्यंत. हवा परत अडकणार नाही. हा पाईप सगळ्या जुन्या इमारतींत असायचा, नव्या प्लंबरांनी तो 'विनाकारण' म्हणून सोडून दिला.

---

फिटरभाऊ

व्हेंटने उंचवट्यातली हवा जाणार नाही हो. उंचवटा व्हेंटच्या पुढे दहा फुटांवर असला तर काय उपयोग? आधी लाईन एका ढाळात करा.

---

गच्चीवरून

ढाळ हवाच, त्यात वाद नाही. पण व्हेंटचं दुसरं काम आहे. खालच्या तीन मजल्यांनी सकाळी सातला एकदम नळ सोडले आणि टाकीचं आउटलेट लहान असलं, तर उभ्या पाईपात वरच्या बाजूला ओढ तयार होते. वरच्या मजल्यावरचा उघडा नळ पाणी देत नाही, हवा आत ओढतो. नळाच्या तोंडावर तळवा धरून बघा, चिकटतो. त्या वेळी हेल्थ फॉसेट किंवा होज बादलीत बुडालेला असेल तर बादलीतलं पाणी लाईनमध्ये जातं. व्हेंट असेल तर ओढ तिथूनच सुटते. व्हेंट एक इंची ठेवा, अर्धा इंची कमी पडतो.

आणि सेक्रेटरीसाहेब, कायमचा उपाय म्हणजे चौथ्या मजल्याला टाकीवरून वेगळं आउटलेट आणि वेगळी लाईन. वरच्या घरांना खालच्यांच्या रांगेत उभं करायचंच नाही. सव्वा इंची, एक टँक निपल, एक बॉल व्हॉल्व्ह. कुठल्याही पंपापेक्षा स्वस्त आणि वीजबिल नाही. आउटलेट टाकीच्या तळापासून दोन-तीन इंच वर, म्हणजे गाळ ओढला जात नाही.

---

अण्णा_बारावा_मजला

आमचं उलट. बारा मजली इमारत, पाचव्या ते सातव्या मजल्यावरच प्रेशर कमी, वर आणि खाली उत्तम.

---

मोजपट्टी

त्या टप्प्याचा पीआरव्ही. उंच इमारतीत खालच्या घरांना टाकीची पूर्ण उंची मिळाली तर तीन-साडेतीन किलो येतात आणि कनेक्शन पाईप फुटतात, म्हणून डक्टमध्ये दोन-चार मजल्यांना मिळून एक प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आधी वाय आकाराची गाळणी असते, ती तुंबली की फक्त तेवढे मजले उपाशी. गेज व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे हवेत. नळ बंद असताना नंतरचा काटा दोन किलोवर आणि नळ सोडल्यावर धाडकन अर्ध्या किलोवर, तर गाळणी. काटा कायमच खाली, तर सेटिंग किंवा आतला डायफ्राम. गाळणी साफ करायला दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालणारी लाईन) उघडावा लागतो. बायपास नंतर बंद करायला विसरलात तर रात्रीतून खालच्या घरांचे पाईप सुटतील. हे काम सोसायटीच्या माणसाकडून करून घ्या, आपणहून डक्टमध्ये हात घालू नका.

---

रेवा

आणि ज्यांना खरंच पंप लागणार आहे, त्यांनी कोणता घ्यावा? शेजारी विचारताहेत, टाकी एका घराची स्वतंत्र आहे.

---

पाऊणइंची

ट्यूबच्या चाचणीत पाईप पास झाला असेल तरच, आणि साधा, व्हेंटवाला सोलर नसेल तर. एका घराला दोन प्रकार. पहिला छोटा इनलाईन बूस्टर, १०० वॉटच्या आसपास, सात-आठ मीटर उंची वाढवून देतो. तो आतल्या फ्लो स्विचवर चालतो आणि स्विचला सुरुवातीला मिनिटाला दीड-दोन लिटर प्रवाह लागतो. शॉवर टाकीच्या अगदी जवळच्या उंचीवर असेल तर तेवढा प्रवाहच होत नाही आणि पंप सुरूच होत नाही. दुसरा, अर्धा एचपी, प्रेशर स्विच आणि हवेचा फुगा असलेली छोटी टाकी. १.५ किलोला चालू, २.५ ला बंद. फुग्यातली हवा चालू होण्याच्या आकड्याच्या जरा खाली, १.३ किलो ठेवा, म्हणजे टायरच्या गेजवर १९ पौंड. ही हवा मोजताना पंप बंद आणि पाणी सोडून दिलेलं हवं, नाहीतर पाण्याचाच दाब मोजला जातो. रात्री सगळे नळ बंद असताना पंप दर पाच-दहा मिनिटांनी टुक करून चालू होत असेल तर बहुतेक वेळा फ्लश टाकी झिरपतेय. तिच्यात रंगाचे दोन थेंब टाका, भांड्यात रंग उतरला की कळेल.

पंप गच्चीवर टाकीजवळ, त्याला जाणारा पाईप निदान एक इंची, आणि बायपासवर पाकळीचा एनआरव्ही, म्हणजे लाईट गेले तरी टाकीचं पाणी आपोआप येत राहील. घरात जुना जीआय असेल तर दीड-दोन किलोने सांधे पाझरायला लागतात, त्याची तयारी ठेवा. गीझरच्या पाटीवर किती किलोचा आहे तेही वाचा.

---

अण्णा_बारावा_मजला

काही जण पंप थेट महापालिकेच्या लाईनलाच लावतात. बंगल्यांत तर सर्रास.

---

गच्चीवरून

बेकायदा आहे, मोटर जप्त होते. आणि नुसता कायद्याचा मुद्दा नाही. मोटर रस्त्याखालच्या पाईपातून ओढायला लागली की त्या पाईपच्या गळक्या सांध्यांतून बाहेरचं पाणी आत येतं, शेजारून गटार गेलं असेल तर गटाराचं.

पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय मॅन्युअलमध्ये नळजोडाच्या जागी एकमजली घरांसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२, तीनमजलीसाठी १७ मीटर पाण्याच्या उंचीएवढा शिल्लक दाब धरायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात दोन तास पाणी सोडणाऱ्या गावांत सगळे एकाच वेळी भरतात, तेव्हा तो दाब मिळत नाही. म्हणून जमिनीखाली टाकी बांधायची, तिच्यात पाणी आपोआप पडू द्यायचं, मोटर तिच्यावर. गल्लीत सगळ्यांना पाणी आणि तुम्हालाच नाही, तर मीटरआधीची जाळी किंवा मुख्य पाईपवरचं फेरूल (तुमचा नळजोड जिथून निघतो ती तोटी) तुंबलंय. दोन्हीसाठी पाणीपुरवठा खात्यात अर्ज करा. मीटरचं सील स्वतः तोडलं तर दंड वेगळा.

---

सोसायटी_सेक्रेटरी

हवा सुटली, धन्यवाद. उंचवटा पॅरापेटवर होता. आता काही सभासद म्हणतात टाकीच पाच फूट उचलू.

---

मोजपट्टी

पाच फुटांनी शॉवरला ५-८ चे १०-१३ फूट होतील, साध्या शॉवरला फरक नक्की जाणवेल. पण १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी. ते नुसत्या स्लॅबच्या मध्यावर येता कामा नये, बीम किंवा कॉलमवर यायला हवं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. लोखंडी स्टँड केलंत तर वर सलग प्लेट टाका. प्लास्टिकच्या टाकीचा तळ दोन अँगलवर टेकवला की मधून लोंबतो आणि वर्ष-दोन वर्षांत तडकतो. आणि मोटर तेवढं जास्त चढवू शकते का, ते तिच्या पाटीवरच्या हेडच्या आकड्याशी ताडून घ्या.